गावाचे एकमत

निवडणुकीचे दिवस आले की खेड्यापाड्यांतून एक वाक्य हमखास कानी पडते : "आमचे गाव अमक्याच्या बाजूचे आहे." सुट्टीत सांवेर-देपालपूरकडील खेड्यांत जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी ते ऐकले असेल, खानदेशात, नगरकडे अथवा कोकणात ज्यांचे आजोळ आहे त्यांनीही ऐकले असेल. सांगणारा ते अभिमानाने सांगतो आणि ऐकणारा मान डोलावतो. परंतु थोडा विचार केला तर त्या वाक्यात एक अडचण दिसून येते. मतदारयादीत मतदार म्हणून गावाचे नाव कोठेच नसते. तेथे असतात ती माणसांची नावे. मग 'गावाचे मत' म्हणजे नेमके कोणाचे मत? ते कसे घडते? आणि गावाचे मत एकच असणे, हे त्या गावाचे भूषण समजावे काय? या प्रश्नांचा अल्पसा अभ्यास प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

कल आणि कौल

प्रथम दोन शब्द वेगळे करून घेऊ. 'कल' म्हणजे मनाचा झुकाव. 'कौल' म्हणजे दिलेला निर्णय. कोकणात व गोमंतकात ग्रामदेवतेला कौल लावण्याची प्रथा आहे; आणि आता आपण 'जनतेचा कौल' असे सहज म्हणतो. कल वर्षानुवर्षे बनत असतो. कौल एका दिवसात दिला जातो. कल अनेक असू शकतात. कौल मात्र एकाच चिन्हापुढे उमटतो.

गावातील माणसाचा कल कशाने बनतो? भावकी, जात, शेजार, पाण्याचा पाट, सोसायटीचे कर्ज, दुधाचे संकलन, कारखान्याला जाणारा ऊस, रस्ता, शाळा, जुने उपकार आणि जुनी भांडणे, अशा कितीतरी गोष्टींनी. पक्षाचे विचार हे त्यांतील एक कारण होय. परंतु एकमेव नव्हे. म्हणूनच एकच मतदार ग्रामपंचायतीला भावकीकडे पाहून, विधानसभेला स्थानिक कामाकडे पाहून, आणि लोकसभेला देशाच्या प्रश्नाकडे पाहून निरनिराळी मते देतो. यात विसंगती काही नाही. विहिरीचा प्रश्न आणि परराष्ट्राचा प्रश्न एकाच काट्यावर तोलण्याचे बंधन मतदारावर नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रात काय किंवा मध्य प्रदेशात काय, ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षांच्या चिन्हांवर होत नाहीत. गावात उभी राहतात ती 'पॅनेले', आणि त्यांची नावे बहुधा ग्रामदैवताची किंवा ग्रामविकासाची असतात. निकालानंतर सगळे पक्ष "इतक्या ग्रामपंचायती आमच्या" असे जाहीर करतात आणि त्यांच्या आकड्यांची बेरीज पुष्कळदा एकूण पंचायतींपेक्षाही अधिक भरते! कारण उघड आहे. पक्षवार आकडा अधिकृत नोंदीत असतच नाही. प्रत्येकजण कलावरून कौल ठरवीत असतो.

सरपंचाच्या निवडीतही असाच बोध आहे. महाराष्ट्रात सरपंच थेट मतदारांनी निवडावा असे २०१७ साली ठरले. २०२० साली ती पद्धत रद्द झाली आणि २०२२ साली पुन्हा आली. थेट निवडीत एका पॅनेलचा सरपंच आणि दुसऱ्या पॅनेलचे बहुसंख्य सदस्य, असा निकाल अनेकदा लागतो. तेच गाव, तोच दिवस, तेच मतदार. तरी कौल दोन. मग 'गाव अमक्याचे' हे वाक्य कसे टिकावे?

गाव की व्यक्ती?

हा वाद नवा नाही. आपली राज्यघटना तयार होत असतानाच तो उभा राहिला होता. गांधीजींच्या विचारात खेडे हा राष्ट्राचा पाया होता आणि ग्रामस्वराज्य हे ध्येय होते. याउलट, आपल्या इंदूरजवळच्या महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना खेड्याविषयीच्या या गौरवाला कठोर विरोध केला. खेडे हे संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर आहे, असे त्यांचे मत होते. आणि मसुद्याने गावाला नव्हे, तर व्यक्तीला घटक मानले याचा त्यांना आनंद वाटत होता. पुढे त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचे संघटन करण्याविषयीचे कलम घटनेत घालण्यात आले. तेच आजचे ४० वे कलम होय. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले आणि त्यानंतर १९९४ साली पंचायतींच्या निवडणुका घेण्यात आपले मध्य प्रदेश राज्य अग्रभागी होते.

अशा रीतीने आपल्या घटनेत गावालाही स्थान आहे आणि व्यक्तीलाही. परंतु मत मात्र व्यक्तीचे आहे. हे तत्त्व कागदावर सोपे, व्यवहारात कठीण. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयाद्या तयार होत असताना असंख्य स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची पत्नी, तमक्याची मुलगी, एवढीच नोंद त्यांनी करविली. स्वतःचे नाव नसलेली नोंद ग्राह्य धरायची नाही, असा निवडणूक आयोगाने आग्रह धरला आणि सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे वगळली गेली. हा प्रकार ज्या प्रांतांत विशेषेकरून घडला, त्यांत इंदूर ज्यात होते ते तेव्हाचे मध्यभारत राज्यही होते. आयोगाचा निर्णय त्या वेळी कठोर वाटला. परंतु त्यामागील अर्थ मोठा होता. मत घराचे नाही, कुळाचे नाही. ज्याचे त्याचे आहे, जिचे तिचे आहे, असे त्याने सांगितले. पुढील निवडणुकांत त्याच प्रांतांतील स्त्रिया स्वतःच्या नावाने यादीत आल्या.

बिनविरोधाचे आकर्षण

आता 'गावाच्या एकमता'चे सर्वांत ठळक रूप पाहू. ते म्हणजे बिनविरोध निवडणूक. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर जागेइतकेच उमेदवार उरले तर मतदान होत नाही; ते उमेदवार निवडून आल्याचे घोषित होते. जानेवारी २०२१ साठी महाराष्ट्रात १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या होत्या. त्यांपैकी १,५२३ बिनविरोध झाल्या आणि उरलेल्या १२,७११ ग्रामपंचायतींसाठी १५ जानेवारीस मतदान झाले. त्या मतदानाचे प्रमाण शेकडा ७९ च्या आसपास होते. लोकसभेच्या वेळी शहरांत दिसणाऱ्या प्रमाणाशी हा आकडा ताडून पाहावा, म्हणजे खेड्यातील माणूस आपल्या मताला किती जपतो ते कळेल.

बिनविरोधाची बाजू घेणारे काय म्हणतात, ते प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. लहान गावात निवडणूक म्हणजे घरोघर तेढ. सख्खे चुलतभाऊ समोरासमोर उभे राहतात; लग्नकार्यात जाणे-येणे बंद होते; पाच वर्षे वैर धुमसत राहते. खर्च होतो तो निराळाच. त्यापेक्षा सर्वांनी बसून नावे ठरवावीत, हा विचार वाईट कसा म्हणावा? शासनेही या विचाराला उत्तेजन देतात. गुजरातमध्ये २००१ पासून 'समरस' योजनेखाली बिनविरोध पंचायतींना अनुदान मिळत आले आहे. मध्य प्रदेशातही २०२२ च्या पंचायत निवडणुकीच्या वेळी अशा पंचायतींना ५ लाखांपासून १५ लाख रुपयांपर्यंत पुरस्कार जाहीर झाले होते आणि सर्व जागी महिला बिनविरोध आल्यास रक्कम सर्वाधिक होती.

तथापि, एकमत हे एक नाव असले तरी त्याच्या जाती अनेक आहेत. ते पाहण्यासाठी काही गावांची उदाहरणे घेऊ.

चार प्रकारची एकमते

पहिले उदाहरण हिवरे बाजारचे. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हे अवर्षणग्रस्त गाव. १९८९ साली श्री. पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. पुढील काळात गावाने डोंगरउतारावर चर खोदले, पाणी अडविले, उसासारख्या तहानलेल्या पिकांना आवर घातला आणि दरवर्षी पावसाच्या मानाने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची शिस्त लावून घेतली. तीस वर्षे पंचायत बिनविरोध होत गेली. हे एकमत कामाच्या पुण्याईवर उभे होते. तरीही २०२१ साली तेथे विरोधी उमेदवार उभे राहिले आणि मतदान झाले. सातही जागा श्री. पवार यांच्याच पॅनेलने जिंकल्या. काहींना वाटले, गावाची परंपरा मोडली. आम्हांस मात्र वाटते की परंपरेची परीक्षा झाली आणि ती उत्तीर्ण झाली. तीस वर्षे जो विश्वास गृहीत धरला होता, तो एका दिवसात मोजून हाती आला. शिवाय विरोधात उभे राहता येते, हेही त्या गावाने सिद्ध केले. तो मान विरोधी उमेदवारांचाही आहे.

दुसरे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या चिमुकल्या गावाचे. लोकवस्ती पाचशेच्या आसपास. तेथे ग्रामसभेतील निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही आक्षेप असला तर निर्णय लांबणीवर पडतो आणि चर्चा पुन्हा होते. त्यासाठी गावाने अभ्यासगटांची पद्धत पाडली आहे : अभ्यासगटात बाहेरचे जाणकारही येतात, माहिती देतात, वाद घालतात; निर्णय मात्र ग्रामसभा घेते. स्त्रियांच्या उपस्थितीवाचून ती पुरी मानली जात नाही. याच शिस्तीच्या बळावर २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक वनहक्क मिळाला. विनोबांच्या सर्वोदय विचारातील सर्वसहमती ती हीच. (विनोबांचा १९६० साली आपल्या इंदूर नगरीत मुक्काम होता आणि येथील विसर्जन आश्रम ही त्याची खूण होय.) या पद्धतीचे मर्म लक्षात घ्या : तेथे एकमत म्हणजे विरोधकाला गप्प बसविणे नव्हे, विरोधकाचे समाधान होईपर्यंत थांबणे होय.

तिसरे उदाहरण खेदाचे आहे. २०२१ च्या त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावी सरपंचपदासाठी चक्क बोली लागली. एका ठिकाणी ती दोन कोटी रुपयांवर गेली, दुसऱ्या ठिकाणी ४२ लाखांवर. पैसा देवळाच्या कामी लावायचा होता, असे सांगण्यात आले. राज्य निवडणूक आयोगाने चौकशी करून दोन्ही ठिकाणची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. वरकरणी हेही 'गावाचे एकमत'च होते. अर्ज मागे घेतले गेले असते आणि कागदोपत्री निवडणूक बिनविरोध झाली असती! परंतु ज्याची बोली लावता येते ते मत राहत नाही, माल होतो. ज्या भूमिहीन मजुरापाशी बोलीला उभे राहण्याइतका एक रुपयाही नाही, त्याचा हक्क त्या बोलीत कोठे गेला? देवाच्या नावाने झाले म्हणून ते न्याय्य ठरत नाही.

चौथे उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे. पण ते टाळून चालणार नाही. तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यातील पाप्पापट्टी, कीरिपट्टी आणि नाट्टारमंगलम् या गावांची अध्यक्षपदे १९९६ साली अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. तेथील बहुसंख्य समाजाला ते मान्य नव्हते. कधी अर्जच भरू दिले गेले नाहीत, तर कधी निवडून आलेल्याने लगेच राजीनामा दिला. अशी दहा वर्षे गेली. २००६ साली शासनाने ठामपणे उभे राहून निवडणुका घेतल्या, तेव्हा कोठे ती पदे खऱ्या अर्थाने भरली गेली. दहा वर्षे त्या गावांतही 'एकमत'च होते, असे कोणी म्हणू शकेल. परंतु ते बळकटांचे एकमत आणि दुबळ्यांचे मौन होते.

या चार उदाहरणांवरून एक कसोटी हाती येते. गावात एकमत आहे की नाही, हे महत्त्वाचे नाही. ज्याला ते मान्य नाही त्याला 'नाही' म्हणता येते काय, आणि म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर पाणी भरता येते काय, हे महत्त्वाचे. पहिल्या दोन गावांत उत्तर 'होय' असे येते. म्हणून तेथील एकमत खरे. बैठक चावडीवर बसते तेव्हा तेथे कोण बसते आणि कोण दाराआड उभे असते, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

गुप्त मत आणि लहान गाव

'नाही' म्हणण्याची सोय ज्या साधनाने झाली, ते साधन म्हणजे गुप्त मतदान. इंग्लंडात १८७२ पर्यंत मतदार आपले मत उघडपणे सांगत असत. कुळाने जमीनदाराच्या देखत त्याच्याविरुद्ध मत देणे म्हणजे जमीन गमावणे. ऑस्ट्रेलियातील वसाहतींनी १८५६ साली छापील मतपत्रिकेची गुप्त पद्धत सुरू केली आणि ती जगभर पसरली. स्वित्झर्लंडच्या ग्लारूस व अपेन्झेल इनररोडेन या लहान परगण्यांत मात्र आजही चौकात जमून हात वर करून निर्णय होतात. ज्या समाजात भय कमी, तेथे उघड मत चालते. आपल्याकडील विषमता पाहता मतदानयंत्राभोवतीचा तो पुठ्ठ्याचा आडोसा हेच दुबळ्याचे कवच आहे.

परंतु लहान गावापुढे येथे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. माणसाचे मत गुप्त राहते, पण गावाचे राहत नाही. मतमोजणी यंत्रनिहाय, म्हणजे केंद्रनिहाय होते आणि तिचे आकडे जाहीर होतात. गावात एकच मतदान केंद्र असेल तर अमुक गावाने अमुक उमेदवारास किती मते दिली, हे साऱ्या तालुक्याला कळते. मग रस्ता अडविण्याच्या किंवा टँकर न पाठविण्याच्या धमकीला वाव मिळतो. मतपत्रिकांच्या काळात, आवश्यक वाटल्यास अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद नियमांत होती. यंत्रे आल्यावर ती सोय गेली. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखविणारे 'टोटलायझर' नावाचे साधन वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ साली सुचविले. विधी आयोगानेही २०१५ साली त्यास अनुकूल मत दिले. परंतु केंद्र शासनाने ते स्वीकारले नाही. केंद्रनिहाय आकड्यांमुळे गैरप्रकार उघडकीस येतात आणि कार्यकर्त्यांना आपल्या कामाचा पडताळा मिळतो, हा विरुद्ध पक्षाचा युक्तिवाद होय. त्यातही तथ्य आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी वादविवाद स्पर्धेसाठी हा विषय अवश्य घ्यावा.

आपल्या शहराचा अनुभव

तुकोगंजासारख्या भर शहरातील वस्तीत राहणाऱ्यास हा सारा खेड्यांचा प्रश्न वाटेल. तसे नाही. इंदूर लोकसभा मतदारसंघात आठ विधानसभा मतदारसंघ येतात. त्यांत देपालपूर व सांवेर यांची खेडीही आहेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत येथे २९ एप्रिल रोजी, अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि प्रमुख लढत उरलीच नाही. त्याच निवडणुकीत सुरत येथे तर मतदानाविनाच निकाल लागला होता. इंदुरात मात्र इतर उमेदवार राहिले, मतदान झाले. विजयी उमेदवारास १२,२६,७५१ मते मिळाली आणि 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायास, म्हणजे 'नोटा'स, २,१८,६७४ मते पडली. एका मतदारसंघात या पर्यायाला इतकी मते तोवर देशात कोठेही पडली नव्हती. काँग्रेसने 'नोटा'चे आवाहन केले होते, हेही नमूद केले पाहिजे.

हा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निर्णयाने मिळाला. त्याने निकाल बदलत नाही. सर्वाधिक मते मिळालेला उमेदवारच विजयी होतो. मग त्या दोन लाखांहून अधिक मतांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. कोणत्याही पक्षाची बाजू न घेता आम्ही एवढेच म्हणू की ती मते मोजली गेली. बारा लाखांनी 'होय' म्हटले, हेही नोंदले गेले आणि दोन लाखांनी 'नाही' म्हटले, हेही. मतदानच झाले नसते तर यांतले काहीच कळले नसते. सारे इंदूर 'एकमताचे' ठरले असते.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

विद्यार्थिमित्रहो, पुढील सुट्टीत गावी जाल तेव्हा एवढे करून पाहा. आपल्या पंचायतीत किती जागा आहेत, त्यांपैकी मागील वेळी किती बिनविरोध झाल्या आणि किती लढल्या गेल्या, हे तहसील किंवा जनपद कार्यालयातून समजून घ्या. गावातील मतदान केंद्राचे विधानसभेचे व लोकसभेचे आकडे शेजारी शेजारी मांडा आणि फरक कोठे पडला ते पाहा. वडीलधाऱ्यांस विचारा की पूर्वी उमेदवार कोठे बसून ठरत आणि त्या बैठकीस कोणाला बोलावीत नसत. आजीला विचारा की तिने पहिले मत कधी दिले आणि तेव्हा यादीत तिचे नाव कसे लिहिले होते.

एक प्रश्न मात्र कोणासही विचारू नका : "तुम्ही मत कोणास दिले?" ते सांगावयास कोणी बांधलेला नाही आणि विचारण्याचा अधिकार कोणालाच नाही, मुलाने बापाला नाही, नवऱ्याने बायकोला नाही, मालकाने गड्याला नाही. १९८९ पासून मताधिकाराचे वय अठरा झाले आहे. म्हणजे तुमच्यापैकी वरच्या वर्गांतील कित्येकजण दोन-तीन वर्षांतच मतदार होतील. तेव्हा घरात, गल्लीत, गावात सर्वांशी चर्चा करा, थोरांचे ऐका, आपले म्हणणे मांडा. एकमत झाले तर आनंदच आहे. न झाले तरी बिघडत नाही. ज्या गावात दोन मते असूनही पंगत एकच बसते, ते गाव खरे एकोप्याचे, असे आम्ही समजतो.